मुरलेला नफा : एका वीज-कंत्राटदाराच्या जमाखर्चाचा अभ्यास

परिव्ययलेखाशास्त्र शिकविताना आम्ही उदाहरणे घेतो ती बहुधा 'अ' आणि 'ब' या दोन वस्तू बनविणाऱ्या एखाद्या काल्पनिक कारखान्याची. विद्यार्थी ती सोडवितात, गुण मिळवितात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. मीही पुष्कळ वर्षे हेच करीत आलो. फळ्यावरचे हे शास्त्र आपल्याच घरात कधी उपयोगी पडेल असे मला वाटले नव्हते. २०२२ च्या एप्रिल महिन्यात मात्र तसा प्रसंग आला. माझा धाकटा भाऊ बेळगावात वीज-कंत्राटदार आहे. एके रात्री जेवण झाल्यावर तो म्हणाला, "अण्णा, दुकान बंद करावं म्हणतो. कामं भरपूर आहेत, पण हातात काही उरत नाही. उद्यमबागेत कुणाकडं तरी मेंटेनन्सला लागतो झालं."

कामे भरपूर आणि हातात काही नाही, हे कोडे लेखाशास्त्राच्या शिक्षकाने सोडवावयाचे नाही तर कोणी? मी त्याच्याकडून वर्षाच्या वह्या, बिले आणि बँकेचे उतारे मागून घेतले. उन्हाळ्याची सुटी त्यातच गेली. पुढे देत असलेले आकडे त्याच्या परवानगीने देत आहे. फक्त सोयीसाठी ते पूर्ण हजारांत आणले आहेत.

२०२१-२२ या वर्षी त्याने कर वगळून ५९,४०,००० रुपयांची बिले केली. त्यात माल ३६,००,००० रुपयांचा आणि कामगारांची मजुरी १३,५०,०००. दोन्ही मिळून प्रत्यक्ष खर्च ४९,५०,०००. म्हणजे वर उरले ९,९०,०००. भावाच्या डोक्यात हिशोब होता तो एवढाच. "वीस टक्के सुटतात," असे तो सांगे, आणि त्याचे म्हणणे एका अर्थी बरोबरही होते, कारण ४९,५०,००० वर ९,९०,००० म्हणजे बरोबर वीस टक्के. परंतु हे वीस टक्के खर्चावरचे. विक्रीवर ते १६.६७ टक्केच भरतात. खर्चावरची वाढ आणि विक्रीवरचा नफा या दोहोंत गफलत करणारे व्यापारी मी इतके पाहिले आहेत, की हा फरक पहिल्याच वर्षाच्या वर्गात घोटून घ्यावा असे माझे मत झाले आहे.

आता या ९,९०,००० मधून काय काय जावयाचे ते पाहू. दुकान व गोदामाचे भाडे १,२०,०००. हिशोब लिहिणाऱ्या मुलीचा पगार १,०८,०००. टेंपो आणि दोन दुचाक्या यांचे पेट्रोल व दुरुस्ती १,८०,०००. सुपरवायझरचा पगार २,६४,०००. फोन, परवाना, हत्यारे, मेगरची तपासणी वगैरे ६०,०००. बँकेचे व्याज १,५०,०००. एकूण ८,८२,०००. बाकी राहिले १,०८,०००, म्हणजे महिना नऊ हजार. त्याच्या हाताखालच्या वायरमनला तो महिना अठरा हजार देत होता! मालकाला नोकराच्या निम्मे मिळत होते आणि शिवाय कर्जाची जोखीम मालकाची.

ना नफा ना तोटा हा बिंदू काढणे आता अवघड नाही. अप्रत्यक्ष खर्च ८,८२,००० आणि विक्रीच्या प्रत्येक सहा रुपयांतून एक रुपया उरतो, म्हणजे ५२,९२,००० रुपयांचे काम होईपर्यंत मालकाच्या पदरात दमडी नाही. वर्षातले जवळजवळ पावणेअकरा महिने तो भाडे, पेट्रोल आणि व्याज यांच्यासाठी राबत होता. त्याला स्वतःला महिना पन्नास हजार मिळावेत असे धरले तर वर ८,८२,००० अधिक ६,००,००० म्हणजे १४,८२,००० उरले पाहिजेत. जुन्याच दराने ते मिळवावयाचे तर ८८,९२,००० रुपयांचे काम हवे, आजच्या जवळजवळ दीडपट. आणि दीडपट काम म्हणजे आणखी एक सुपरवायझर, आणखी एक गाडी, आणखी कर्ज. भावाची बुद्धी वर्षानुवर्षे याच वाटेने चालली होती. हाती उरत नाही म्हणून तो आणखी काम घेई आणि काम वाढले की हाती आणखीच कमी उरे.

यानंतर मी काम-परिव्यय पद्धतीने, म्हणजे प्रत्येक कामाचा खर्च निराळा काढून, सारी बिले तीन ढिगांत वाटली. नव्या इमारतींची कामे ३४,००,००० ची होती. त्यांवर प्रत्यक्ष खर्च ३१,२०,००० आणि वर उरले २,८०,०००. उद्यमबाग व मच्छे भागातल्या फौंड्र्या आणि यंत्रशाळांची कामे १७,४०,००० ची, त्यांत उरले ४,५०,०००. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ भागांतली घरगुती दुरुस्तीची किरकोळ कामे ८,००,००० ची, त्यांत उरले २,६०,०००. ज्या इमारतींच्या जिवावर भाऊ स्वतःला मोठा कंत्राटदार समजत होता, त्यांनी शंभराला सव्वाआठ रुपयेच दिले होते. बँकेचे सगळे व्याज त्यांच्यामुळे आणि सुपरवायझरचा दोन-तृतीयांश वेळ त्यांच्यावर. हे दोनच खर्च धरले तर ३,२६,००० होतात. म्हणजे इमारतींची कामे चक्क तोट्यात होती, आणि ज्या किरकोळ दुरुस्त्यांचा त्याला कंटाळा येई, त्या तो तोटा भरून काढीत होत्या.

मी हे कागदावर मांडून दाखविले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण कोटेशनमध्ये मी तीस टक्के धरतो, अण्णा."

खरा अभ्यास येथून सुरू झाला. तीस टक्के धरले आणि नऊ टक्के आले, तर मधले एकवीस कोठे मुरले? आम्ही बारा फ्लॅटांची एक इमारत निवडली. तिचे दरपत्रक २०२० च्या जूनमध्ये, पहिली टाळेबंदी उठता उठता दिलेले होते. दर फ्लॅटमागे ८५,००० प्रमाणे एकूण १०,२०,०००. त्यात खर्चाचा अंदाज ७,८५,००० आणि नफा २,३५,०००.

पहिली गळती मजुरीच्या दरात सापडली. वायरमनचा पगार अठरा हजार, भागिले तीस, म्हणून भाऊ एका दिवसाचे सहाशे रुपये धरी. परंतु वर्षाचा पगार २,१६,०००, दिवाळीचा एक पगार १८,००० आणि विमा, बूट, हातमोजे वगैरेंचे ६,००० मिळून त्या माणसावर वर्षाला २,४०,००० खर्च होतात. त्याच्या बदल्यात दिवस किती मिळतात? ३६५ मधून ५२ रविवार, बारा सण आणि एकवीस दिवसांची रजा वजा जाता २८०. त्यांतले वीस दिवस पाऊस, सामानाची वाट, दोन कामांमधला खंड यांत जातात. राहिले २६०. २,४०,००० भागिले २६० म्हणजे ९२३ रुपये. सहाशे नव्हे, दीडपटीहूनही थोडे अधिक! कामगार दहा झाले की राज्य विमा योजनेचे मालकाचे ३.२५ टक्के आणि वीस झाले की भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के यात आणखी मिळवावे लागतात. या इमारतीला २१० दिवसांची मजुरी धरली होती. दिवसामागे ३२३ रुपये कमी धरल्यामुळे त्याच जागी ६८,००० गेले.

दुसरी गळती दिवसांच्या संख्येत होती. ती शोधावयास आम्हांला एका डायरीचा आधार मिळाला. बैलहोंगलकडचा एक वायरमन रोज संध्याकाळी काय केले ते चार ओळींत लिहून ठेवी, परंतु कन्नडमध्ये. बेळगावात जन्म काढूनही मला कन्नड हस्ताक्षर सरळ वाचता येत नाही, याची त्या दिवशी शरम वाटली. आमच्या महाविद्यालयाच्या कन्नड विभागातील एक स्नेही दोन दुपारी माझ्याशेजारी बसले आणि त्यांनी ती डायरी ओळीओळीने वाचून दाखविली. हेल्परचे दोन दिवस म्हणजे वायरमनचा एक असे धरून हिशोब केला, तो २१० ऐवजी ३०१ दिवस भरले. जादा ९१ पैकी २४ दिवस स्लॅबवर गेले : पाइप टाकावयास माणसे हजर, पण सळई बांधून झालेली नाही म्हणून नुसती बसून. १९ दिवस काँक्रीट शिरून बुजलेले पाइप मोकळे करण्यात, किंवा ते न झाल्यास भिंतीला नवी झिरी मारण्यात. १७ दिवस शेवटच्या किरकोळ तक्रारींच्या फेऱ्यांत. आणि सर्वांत मोठा आकडा ३१ दिवसांचा : फ्लॅटधारकांनी ऐनवेळी बदललेल्या जागा. पलंग या भिंतीला नको त्या भिंतीला, एसीचा पॉइंट दुसऱ्या खोलीतही हवा, देवघराजवळ एक दिवा. यांतल्या बहुतेक बदलांचे बिलच झाले नव्हते, कारण लेखी काहीच नव्हते. ९१ दिवसांचे ९२३ प्रमाणे ८४,००० झाले.

तिसरी गळती तांब्याची. येथे थोडे पदार्थविज्ञान लागते, पण ते अकरावीच्या पलीकडचे नाही. तांब्याची घनता घनसेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम. वायरचे भेंडोळे ९० मीटरचे असते. २.५ चौरस मिलिमीटर वायरच्या एका भेंडोळ्यात २२५ घनसेंटिमीटर म्हणजे दोन किलोहून किंचित अधिक तांबे भरते. १.५ च्या भेंडोळ्यात सुमारे १.२ किलो, आणि ४ च्या भेंडोळ्यात ३.२ किलो. या इमारतीत दर फ्लॅटला १.५ ची सहा, २.५ ची चार आणि ४ ची दोन भेंडोळी लागली, म्हणजे फ्लॅटमागे पावणेबावीस किलो आणि इमारतीला सुमारे २६१ किलो तांबे. कंत्राटदार वायर विकत घेतो असे आपण म्हणतो, पण खरे पाहता तो तांबे विकत घेत असतो, आणि तांब्याचा भाव लंडनच्या धातुबाजारात ठरतो. मार्च २०२० मध्ये तो टनाला पाच हजार डॉलरच्या खाली गेला होता आणि मे २०२१ मध्ये दहा हजारांच्या वर होता. आमचे दरपत्रक जून २०२० चे. वायर ओढावयाची ती गिलावा झाल्यावर, म्हणजे वर्षभराने. मधल्या काळात किलोमागे अडीचशे रुपयेच वाढले असे धरले तरी ६५,००० झाले.

६८,०००, ८४,००० आणि ६५,०००. बेरीज २,१७,०००. दरपत्रकातल्या २,३५,००० नफ्यापैकी उरले अठरा हजार. त्यातूनच दीड वर्षाचे भाडे, पेट्रोल आणि सुपरवायझर भागवावयाचा! शिवाय बिलातले पाच टक्के, म्हणजे ५१,००० रुपये, अनामत म्हणून वर्षभर बांधकाम व्यावसायिकाकडेच.

व्याजाविषयी दोन शब्द. २०१७ च्या जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू झाला. या कामावर तो १८ टक्के आहे. बिल दिले की पुढच्या महिन्यात कर भरावा लागतो, मग बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत. मालावर दिलेल्या कराची वजावट मिळते हे खरे, परंतु १८० दिवसांत दुकानदाराचे पैसे चुकते केले नाहीत तर घेतलेली वजावटही परत करावी लागते. म्हणजे वर बांधकाम व्यावसायिक पैसे देत नाही, खाली दुकानदार आणि सरकार थांबत नाहीत, आणि मध्ये कंत्राटदार बँकेकडून उचल घेऊन दोघांची तोंडे मिटवितो. २००६ च्या सूक्ष्म व लघुउद्योग कायद्यात पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. पण कंत्राटी कामास तो कितपत लागू पडतो याबद्दल न्यायालयांत मतभेद आहेत, आणि तसेही, ज्याच्याकडून पुढचे काम मिळावयाचे त्याच्यावर दावा कोण लावतो?

आपल्या भागाची एक खास अडचण येथे सांगितली पाहिजे, कारण ती पुस्तकात सापडणार नाही. बेळगावच्या कंत्राटदाराला चंदगडचे काम सहज मिळते. अंतर थोडे, भाषा एक, नातीगोती दोन्हीकडे. परंतु वीज-कंत्राटदाराचा परवाना राज्याचा असतो. बेळगावला हुबळी वीजपुरवठा कंपनी, चंदगडला महावितरण, आणि चोर्ल्याचा घाट उतरले की गोव्याचे वीज खाते. कराच्या बाबतीत स्थावर मालमत्तेवरील काम जेथे असेल ते राज्य धरले जाते, म्हणून कर्नाटकात नोंदलेल्या कंत्राटदाराने चंदगडच्या कामाला आंतरराज्य कर लावावयाचा. आणि तिथल्याच दुकानातून माल घेऊन तिथेच वापरला, तर त्यावरचा महाराष्ट्राचा कर वजावटीस मिळत नाही, तो निव्वळ खर्च होतो. भावाने अशी तीन कामे केली होती. वायर कमी पडली की तो दुचाकीवरून जवळच्या दुकानात जाई आणि तेथेच १८ टक्के सोडून येई. माल बेळगावातूनच न्यावा, एवढी साधी गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

नफा वाढविण्याचा आणखी एक मार्ग या धंद्यात आहे आणि तो सर्वांना ठाऊक आहे. प्लगला २.५ ऐवजी १.५ ची वायर ओढावयाची, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ नावालाच टाकावयाचे, नाहीतर दुसऱ्याने केलेल्या कामाच्या पूर्तिपत्रावर पाचशे-हजार घेऊन स्वतःच्या परवान्याची सही ठोकावयाची. वीजसंचाचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच, सक्षमता-प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करावे, हा नियम १९५६ च्या नियमावलीत होता आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा-विनियमांतही आहे. अशी सही म्हणजे न पाहिलेल्या घरातल्या माणसांच्या जिवाची हमी. बिले चाळताना 'सही – किरकोळ' अशा सात नोंदी मला आढळल्या. मी विचारले. तो मान खाली घालून म्हणाला, "त्या महिन्यात हप्ता होता." आम्हां दोघांत त्या दिवशी जे बोलणे झाले ते येथे लिहीत नाही. आठवी नोंद झाली नाही, इतके मला माहीत आहे.

मग काय बदलले? भाव वाढविले ते थोडेच. मजुरीचा दिवस ९२३ ने धरू लागल्यावर दरपत्रके काहीशी चढली आणि दोन कामे गेलीही. पण खर्चावर तीस टक्के हवे होते ते दरपत्रकात आधीपासून लिहिलेलेच होते. प्रश्न ते हाती येण्याचा होता. जादा कामासाठी त्याने कार्बनची वही केली : काय बदलले, किती पॉइंट, किती रुपये, आणि खाली सांगणाऱ्याची सही. पहिल्या महिन्यात लोक चिडले. गंमत अशी, की सही मागितल्यावर निम्म्या लोकांना पलंग पहिल्याच भिंतीला चालू लागला. दरपत्रकावर आता मुदत असते पंधरा दिवसांची, आणि वायरचा भाव ओढावयाच्या वेळचा राहील असे एक कलम. बिल चार टप्प्यांत : स्लॅबचे पाइप, भिंतीतले पाइप व पेट्या, वायर, आणि शेवटी स्विच-फिटिंग. मागचा टप्पा चुकता झाल्याशिवाय पुढची भेंडोळी गोदामातून निघत नाहीत. इमारतीचा मालक तयार असेल तेथे माल त्याचा आणि मजुरी आपली असा करार तो पसंत करतो. बिल लहान दिसते, परंतु तांब्याची जोखीम आणि उधारीचा भार दोन्ही टळतात.

फौंड्र्यांकडे त्याने अधिक लक्ष दिले. तेथे भट्टी अडली की तासातासाचे नुकसान होते, म्हणून मालक दराची घासाघीस करण्यापेक्षा माणूस किती लवकर येतो ते पाहतो. पॉवर फॅक्टर घसरला की वीजबिलात अधिभार लागतो. कपॅसिटर तपासून तो सावरणे हे ठरलेल्या मासिक रकमेचे काम होऊ शकते, आणि पावसाळ्यात इमारती थंडावल्या की अशाच कामांवर माणसे गुंतवून ठेवता येतात. घरगुती दुरुस्तीला त्याने भेटीचा किमान आकार ठरविला आणि सोमवार-गुरुवार टिळकवाडी, मंगळवार-शुक्रवार शहापूर-वडगाव अशी वाटणी केली. टेंपोचे पेट्रोल त्यानेच कमी झाले.

२०२४-२५ ची वही मी मार्चअखेर पाहिली. विक्री ५२,००,०००, म्हणजे पूर्वीपेक्षा सात लाखांहून कमी. प्रत्यक्ष खर्च ३७,८०,०००, अप्रत्यक्ष ९,१०,०००. हाती ५,१०,०००. त्याने मागितलेले सहा लाख अजून झालेले नाहीत. व्याजाचा आकडा मात्र निम्म्यावर आला आहे. डायरी आता सगळे वायरमन लिहितात, काही मराठीत, काही कन्नडमध्ये, आणि शनिवारी ती वाचून दिवस मोजावयाचे असतात. हा शनिवार तो तीनदा चुकवितो आणि चौथ्यांदा मला फोन करतो.

गेल्या आठवड्यात त्या बारा फ्लॅटांवाल्या व्यावसायिकाचा निरोप आला. नवी इमारत आहे, चोवीस फ्लॅटांची. भावाने तांब्याच्या कलमासह दरपत्रक पाठविले आहे, आणि जुने ५१,००० आधी द्यावेत असे पत्रही सोबत जोडले आहे. अजून उत्तर आलेले नाही.